इंदूरच्या उन्हाळ्यात पार्ट्स वॉशर: टबात काय भरायचं? या चुका टाळा

घरच्या शेडमध्ये पार्ट्स वॉशर, म्हणजे सुटे भाग धुण्याचा टब, बसवला की टबात भरायचं काय, हा प्रश्न येतोच. सियागंज बाजारात चौकशी केली की घासलेट, डिझेल, एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल), थिनर अशी नावं पुढे येतात आणि बहुतेक जण स्वस्त असेल ते उचलतात. हीच पहिली चूक. ग्रीस यातल्या प्रत्येकाने निघतं. त्यामुळे खरेदी करताना आधी फ्लॅश पॉइंट विचारा.

फ्लॅश पॉइंट म्हणजे असं तापमान, की तिथे द्रवावर ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ जमते. पेट्रोलचा तो उणे ४० अंशांच्या आसपास, म्हणून पेट्रोलने पार्ट धुणं बाराही महिने धोक्याचंच. घासलेट आणि डिझेल यांच्यासाठी भारतीय मानकांत तो किमान ३५ अंश ठेवला आहे. आता आपला मे महिना बघा. इंदुरात पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त ताप असतो. जे घासलेट जानेवारीत टबात निवांत असतं, त्याच्यावर मेच्या दुपारी पेटू शकणारी वाफ उभी असू शकते. (घासलेटात भिजलेली चिंधी मात्र थंडीतही पेटते.) ही वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत ग्राइंडरपर्यंत किंवा शेजारच्या गॅस गीझरपर्यंत जाते. म्हणून घासलेट-डिझेल वापरायचंच असेल, तर उन्हाळ्यात सकाळी, दार उघडं ठेवून आणि काम संपताच टबावर झाकण ठेवून. त्यापेक्षा ६० अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेला, वास कमी असलेला सॉल्व्हंट (ग्रीस विरघळवणारा द्रव) घ्या. दुकानदाराकडे त्याची माहितीपत्रिका मागा. ती देत नसेल तर तो डबा घेऊ नका.

दुसरी चूक कूलरच्या पंपाची. जुना पंप घरात पडलेलाच असतो, तो टबात सोडायचा मोह होतो. पण तो पाण्यासाठी बनलेला आहे. घासलेटात त्याच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकतं, सील फुगतात, आणि मग वाफेने भरलेल्या टबात शॉर्ट होतो. सॉल्व्हंटसाठी खास सॉल्व्हंटचाच पंप हवा, नाहीतर ब्रश आणि ट्रे पुरेसे आहेत. पाण्यातल्या डिग्रीझरला (पाण्यात मिसळून ग्रीस काढणारं द्रावण) मात्र कूलरचा पंप चालतो.

स्वयंपाकघराला लागून शेड असेल तर मी पाण्यातला डिग्रीझरच सुचवेन. फक्त डब्यावर कॉस्टिक सोडा लिहिलेला नको. तो अ‍ॅल्युमिनियम खातो, कार्ब्युरेटर काळा पडतो. डिग्रीझर कोमट पाण्यात चांगलं काम करतो, गार पाण्यात ग्रीस हलत नाही. धुतल्यावर लोखंडाच्या पार्टवर काही वेळातच तांबूस गंज दिसू लागला, तर पाणी राहिलं आहे असं समजा: लगेच हवा मारा आणि हलकं तेल लावा. बेअरिंगला हवा मारताना ते हाताने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

थिनरने ओ-रिंग आणि डायफ्राम हे रबरी भाग फुगतात, प्लास्टिक विरघळतं. रबर काढल्याशिवाय थिनर जवळ आणू नये. घासलेटाचा थर पार्टवर राहतो, म्हणून ब्रेकशू किंवा डिस्क त्याने धुऊ नका. तिथे ब्रेक क्लीनरच वापरा, आणि धुतलेल्या जागी लगेच वेल्डिंग करू नका: क्लोरीन असलेल्या क्लीनरच्या उरलेल्या अंशातून ताप लागला की विषारी वायू निघतो. हातमोजे नायट्राइलचे घ्या, लॅटेक्स तेलाने सैल पडतं.

सॉल्व्हंट काळा झाला की लगेच टाकू नका. झाकण लावून काही दिवस स्थिर ठेवा, वरचं नितळ वेगळं काढून पुन्हा वापरा. तळाचा गाळ नाल्यात ओतला तर तो कान्ह नदीतून थेट क्षिप्रेपर्यंत जातो. गाळाने माखलेल्या चिंध्या कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या आणि उरलेलं तेल जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला.