तळघरात पाणी शिरलं तर १०१ ला काय सांगाल?

नांदेड असो की परभणी, मोठा पाऊस झाला की अग्निशमन दलाचा फोन सारखा वाजत असतो. आधी नंबर लागतो अडकलेल्या माणसांचा, मग दवाखान्यांचा; पार्किंगमधल्या गाड्यांची पाळी त्यानंतर. त्यामुळे नुसतं "पाणी घुसलंय, लवकर या" म्हणू नका. आत कुणी आहे का, पाणी गुडघ्याला की कमरेला, मीटर तळघरातच आहेत का आणि गाडी आत येईल एवढा रस्ता आहे का, एवढं एका दमात सांगा. १०१ लागत नसेल तर ११२.

मीटर पाण्यात असतील तर मेन स्विच बंद करायला खाली उतरायचं नाही. महावितरणला १९१२ वर कळवा, लाईन बाहेरून तोडू द्या. जवानही वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाहीत. वॉचमनला "जरा बघून ये" म्हणून पाठवणारे महाभाग प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना आवरा.

उपसा स्वतः करणार असाल तर डिझेल पंप बाहेर उघड्यावर ठेवा, फक्त पाईप आत. तळघरात धूर कोंडला की त्यातला कार्बन मोनॉक्साईड वासावाचून जीव घेतो. आणि घाई नको. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, भिंतीला बाहेरून रेटते. आतलं पाणी एकदम काढलं तर भिंतच आत येऊ शकते. पाऊस थांबून बाहेरचं पाणी ओसरलं की दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने उपसा.