पहिले विणकाम: स्वयंपाकघरासाठी सुती चौकोन

विणकाम शिकणाऱ्याने मफलरपासून सुरुवात करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मफलर संपता संपत नाही, आणि त्यात सुरुवातीच्या ओळींनंतर नवे काही शिकायलाही मिळत नाही. त्याऐवजी भांडी पुसण्यासाठी किंवा गरम पातेले उचलण्यासाठी रोज हाताशी लागणारा, एका कोपऱ्यापासून तिरपा विणत जायचा सुती चौकोन करावा. टाके वाढवणे आणि कमी करणे ही दोन्ही कौशल्ये त्यात येतात, आणि सुरुवातीला सुईवर केवळ ४ टाके घालायचे असल्यामुळे मापाचा हिशेब आधी मांडावा लागत नाही.

दोरा मात्र निव्वळ सुतीच हवा. लोकर म्हणून विकला जाणारा बराचसा दोरा अ‍ॅक्रिलिकचा असतो. तो तापलेल्या भांड्याला लागला की वितळतो, आणि त्वचेला चिकटला तर भाजल्याची जखम अधिक खोल होते. मध्यम जाडीचा, घट्ट पिळाचा आणि फिकट रंगाचा दोरा निवडावा, कारण गडद रंगात टाके नीट दिसत नाहीत आणि सैल पिळाच्या दोऱ्यात सुईचे टोक मध्येच शिरून पदर सुटे होतात. अशा दोऱ्याला ४.५ मिलिमीटरच्या सुया चांगल्या. त्यातही बांबूच्या, कारण धातूच्या गुळगुळीत सुयांवरून नवशिक्याचे टाके चटकन निसटतात. सूत लोकरीसारखे ताणले जात नाही, म्हणून दोरा बोटांवर आवळून धरू नये. तसे केल्यास थोड्याच वेळात हात दुखू लागतात.

४ टाके घालून एक ओळ सुलट, म्हणजे दोरा कामाच्या मागे ठेवून साध्या टाक्याने, विणावी. पुढच्या प्रत्येक ओळीत पहिले २ टाके सुलट विणावेत, मग दोरा दोन्ही सुयांच्या मधून पुढे घ्यावा आणि तो पुढेच ठेवून तिसरा टाका सुलट विणावा. असे केल्याने दोरा सुईवरून तिरपा जातो आणि एक जास्तीचा टाका तयार होतो. उरलेली ओळ सरळ सुलट विणावी. परतीच्या ओळीत हा तिरपा दोरा नेहमीच्या टाक्यासारखाच विणला जातो आणि त्याच्या जागी कडेजवळ एक छोटे छिद्र उरते. दोरा पुढे घ्यायचा राहिला, तर काम उसवण्याची गरज नसते: परतीच्या ओळीत शेवटचे २ टाके उरले की त्यांच्या आधीचा आडवा धागा डाव्या सुईवर उचलून विणावा, म्हणजे संख्या जुळते. दोन्ही बाजूंनी सुलटच विणल्यामुळे कापड कडांना वळत नाही आणि दर २ ओळींमागे एक उठावदार रेघ दिसते, त्यामुळे ओळी मोजणेही सोपे जाते.

चुलीवर काही मंद आचेवर शिजत असताना हे काम छान होते, पण उठण्यापूर्वी हाती असलेली ओळ पूर्ण करावी. मधेच उठावे लागलेच, तर परतल्यावर ज्या सुईवरून गुंड्याकडे जाणारा दोरा निघतो ती सुई उजव्या हातात धरावी. उलट धरल्यास तीच ओळ मागे फिरते आणि मधोमध चुणी पडते.

चौकोनाची बाजू २० सेंटिमीटर हवी असेल, तर सुईवरील ओळ न ताणता मोजल्यावर सुमारे २८ सेंटिमीटर भरेपर्यंत टाके वाढवावेत, कारण ती ओळ हाच चौकोनाचा कर्ण असतो. त्यानंतर प्रत्येक ओळीची सुरुवात बदलते: १ टाका सुलट, २ टाके एकत्र सुलट, दोरा पुढे, पुन्हा २ टाके एकत्र, आणि बाकी सर्व सुलट. दर ओळीत एक टाका कमी होतो, छिद्रांची किनार मात्र तशीच चालू राहते. ४ टाके उरले की ते बंद करावेत, म्हणजे विणता विणता एकावरून एक ओढून सुईवरून उतरवावेत, आणि दोरा सुमारे १५ सेंटिमीटर सोडून कापावा. सुरुवातीचे व शेवटचे टोक बोथट सुईने रेघांच्या आतून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवावे. गाठ मारू नये, ती पुसताना टोचते.

पुसण्यासाठी एक चौकोन पुरतो. गरम भांड्यासाठी मात्र सारख्या मापाचे दोन चौकोन एकमेकांवर ठेवून चारही कडांनी सुती दोऱ्यानेच शिवावेत, आणि वापरताना ते पूर्ण कोरडे असल्याची खात्री करावी, कारण ओल्या कापडातून उष्णता फार लवकर हातापर्यंत पोहोचते. पहिल्या धुण्यात सूत थोडे आटते. तेव्हा शिवण्यापूर्वीच दोन्ही चौकोन धुऊन, हाताने सारखे करून, सपाट जागेवर वाळवावेत.