पियानोचा ट्यूनिंग लीव्हर: या चुका टाळा

ट्यूनिंग लीव्हर म्हणजे पियानोच्या तारा कमी-अधिक ताणून सूर जुळवण्याचा पाना. त्याबाबतची पहिली चूक खरेदीच्या वेळीच होते. पियानोची तार जिच्याभोवती गुंडाळलेली असते, त्या ट्यूनिंग पिनचे डोके चौकोनी असते आणि वर किंचित निमुळते होत जाते. लीव्हरची टिप, म्हणजे पिनवर बसणारे टोक, आतून त्याच निमुळतेपणाला धरून घडवलेली असते. हार्डवेअरच्या दुकानातल्या सॉकेट पान्याचे भोक सरळ असल्यामुळे तो पिनला नीट कवेत घेत नाही, नुसता कोपऱ्यांवर टेकतो आणि जोर लावताच कोपरे झिजवतो.

सोलापुरातल्या एका प्रार्थनामंदिरातल्या जुन्या अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोची अशीच दुर्दशा झालेली मी पाहिली. नाताळ तोंडावर आला म्हणून वृंदातल्या एका उत्साही तरुणाने वरच्या सप्तकांचे सूर सॉकेट पान्याने ‘जरासे’ चढवून घेतले होते. झाकण उघडले तेव्हा पिनांच्या बुंध्याशी लोखंडाचा चकचकीत कीस पडला होता आणि चौकोनी डोकी जवळजवळ गोल झाली होती. माझी टिप त्यांच्यावर अर्धवट बसून घसरत होती. त्या पिना काढून एक माप जाड पिना ठोकणे एवढाच मार्ग उरला. पिना काढताना जुन्या तारांचे वेटोळे जागोजागी तुटले, नव्या तारा मुंबईहून मागवाव्या लागल्या आणि त्या नाताळात ते सूर मुकेच राहिले. चार पैसे आणि आठ दिवस वाचवण्याच्या घाईची ही किंमत होती.

लीव्हर घेताना टिप बदलता येणारा आणि दांडा न लवणारा घ्यावा. बहुतेक पियानोंना दोन नंबरची टिप चालते, तरी ती पिनवर बसवून हलते का, हे हाताने पाहूनच पैसे द्यावेत. चांदणीच्या आकाराची आठ कोनांची टिप दर ४५ अंशांवर बसते, त्यामुळे दांडा हवा तिथे ठेवता येतो. चार कोनांच्या टिपला ही सोय नाही.

दुसरी चूक अधिक सर्रास होते आणि तिचा मला अधिक त्रास होतो. सूर जुळला की नवशिका लीव्हर काढून पुढच्या पिनकडे वळतो. पिन फिरवताना तिचे डोके आधी वळते, लाकडात रुतलेले टोक मागाहून; मधला पीळ हात सोडताच उलटतो. शिवाय पिनपासून तार जिच्यावर टेकते त्या आधारपट्टीपर्यंतच्या तुकड्यात ताण वेगळा असतो आणि पहिल्या जोरकस आघाताने तो उरलेल्या तारेत पसरून सूर बिघडतो. मी सूर केसभर वर नेतो, मग लीव्हरवर उलट दिशेने अगदी हलका दाब देऊन तो जागेवर आणतो आणि त्याच वेळी त्या सुराची बोटाने दाबायची पट्टी चांगली जोराने वाजवतो. तीन-चार आघातांनंतरही सूर हलला नाही, तरच पिन बसली असे मानतो. यात कान जितका लागतो तितकाच तळहात लागतो, आणि त्याची सवय ट्यूनिंगच्या अॅपमधून येत नाही.

दांडा शक्यतो तारेच्या रेषेत ठेवावा. अपराइटमध्ये तो घड्याळातल्या बारा ते एकच्या दरम्यान असावा. तीनवर ठेवून खाली दाबला तर पिन फिरण्याबरोबर वाकतेही आणि सूर फसवतो. पिन फिरवूनही सूर बदलत नसेल, तर चुकीच्या पिनवर लीव्हर आहे, हे समजून लगेच थांबावे, नाहीतर तार तुटते.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी पडते, साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, आकसतो आणि सूर उतरतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगून सूर चढतात. सुमारे २३० तारांचा मिळून ताण साधारण १६ ते २० टन असतो, म्हणून फार उतरलेला पियानो एका दमात ४४० हर्ट्झवर, म्हणजे मधल्या ‘ए’ सुराच्या प्रमाण उंचीवर, आणू नये; आधी एक ढोबळ फेरी करावी आणि काही दिवसांनी बारीक जुळणी करावी. कूलरचा झोत पियानोवर येऊ देऊ नये. सैल पिनवर तेलाचा फवारा तर कधीच मारू नये, कारण तेल मुरलेल्या लाकडात पिन पुन्हा घट्ट धरत नाही.