४,२९,४९,६७,२९७ चे अवयव हाताने कसे काढाल?

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ संख्या वाटली होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे अवयव पाडले.

दिसेल त्या मूळ संख्येने भागत बसू नका. हिचा प्रत्येक मूळ अवयव १२८ च्या पटीहून १ ने मोठा असतो. ६४१ पर्यंत अशा मूळ संख्या दोनच: २५७ आणि ६४१. २५७ ने बाकी २ उरते, सोडा.

आता ६४१. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर अख्खी संख्या मावत नाही; पण २ चा ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग, म्हणून ६४१ ने भागून उरलेल्या बाकीचाच वर्ग करा. २ चा १६ वा घात ६५,५३६; त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा, उरले १५४. त्याचा वर्ग २३,७१६; त्यातून ६४१ × ३६ = २३,०७६ गेले, उरले ६४०. इथे शेवटचा १ मिळवायचा हमखास राहतो आणि भाग जात नाही असं वाटतं. मिळवा: ६४१, म्हणजे बाकी शून्य. भागाकार ६७,००,४१७, तोही मूळच.