जुना डायनर आणि त्याची निऑन पाटी कशी पाहावी

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या अनेक मराठी आईवडिलांचा मुक्काम न्यू जर्सीत असतो. रस्त्याकाठचे जुने डायनर, म्हणजे साधी छोटी उपाहारगृहे, पाहण्यासाठी हे राज्य फार सोयीचे आहे, कारण ते बांधणारे कितीतरी कारखाने तेथेच होते. त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोहोचावे.

आधी वास्तू पाहावी. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट यांनी घोडागाडीतून रात्रीचे खाणे विकायला सुरुवात केली, तेथून डायनरची परंपरा मानली जाते. पुढे कारखान्यात बांधलेला डायनर रस्त्याने किंवा रेल्वेने आणून जागेवर बसवत असत. म्हणूनच जुना डायनर आगगाडीच्या डब्यासारखा लांबट आणि अरुंद असतो. दाराजवळ कारखान्याच्या नावाची धातूची पट्टी आहे का, हे अवश्य पाहावे.

मग पाटीकडे वळावे आणि तेथे घाई करू नये. खरी निऑन पाटी म्हणजे ज्योतीवर तापवून हाताने वाकवलेली काचेची नळी. तिच्यातील हवा काढून वायू भरतात आणि हजारो व्होल्टचा दाब देतात, त्यामुळे तिला हात लावू नये. शुद्ध निऑन वायू लाल-नारिंगी उजळतो. निळ्यासाठी आर्गॉन हा वायू आणि किंचित पारा वापरतात, तर इतर छटा रंगीत काचेमुळे किंवा नळीच्या आतील लेपामुळे मिळतात. जवळून पाहिल्यास दोन अक्षरांना जोडणारा नळीचा भाग काळ्या रंगाने झाकलेला दिसतो, कारण तेथील उजेड डोळ्यांना नको असतो. हा काळा तुकडा मला पाटीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण कारागिराचा हात तेथे उघड दिसतो. एलईडीच्या नकलेत नळी प्लास्टिकची असते आणि पुष्कळदा आतले ठिपके ओळखू येतात.

छायाचित्र सूर्यास्तानंतरच्या वीस-तीस मिनिटांत घ्यावे. तेव्हा आकाश निळे असते आणि पाटीमागची भिंतही दिसते. फोनच्या पडद्यावर पाटीला बोट लावून उजेड कमी करावा, नाहीतर लाल रंग पांढरा पडतो.

यानंतर आत जाऊन, टेबलाऐवजी काउंटरवर बसून जेवावे. १९५६ नंतर बांधलेल्या आंतरराज्य महामार्गांनी जुन्या रस्त्यांवरची वाहने पळवली, झटपट खाण्याच्या साखळी दुकानांनी गिऱ्हाईक नेले आणि आता घरपोच जेवणामुळे काउंटरवर निवांत बसण्याची सवयच सुटत चालली आहे. पाटीचा खर्च मात्र आत बसणाऱ्यांच्या बिलातूनच निघतो, म्हणून केवळ छायाचित्र काढून परतू नये. शाकाहारी मंडळींना ग्रिल्ड चीज सँडविच, पॅनकेक आणि परतलेले बटाटे मिळतात. मात्र तव्यावर बेकन, म्हणजे डुकराचे मांसही भाजतात, तेव्हा वेगळ्या तव्याविषयी आधीच विचारावे. बिलावर पंधरा ते वीस टक्के टिप ठेवावी.

निघताना पाटीची दुरुस्ती कोण करते, हे गल्ल्यावर विचारावे. नळी वाकवणारे कारागीर थोडेच उरले आहेत. हे काम प्रत्यक्ष पाहायचे असल्यास ओहायोतील सिनसिनाटी येथील अमेरिकन साइन म्युझियमला भेट द्यावी. तेथील कार्यशाळेत नळ्या आजही ज्योतीवर वाकवल्या जातात.