कॉन्फिगरेशन फायलींचे वेगळे बिऱ्हाड: इतिहासासह स्वतंत्र रेपॉझिटरी कशी करावी

बरीच वर्षे टर्मिनलवर काम करणाऱ्याकडे बहुधा एक सर्वसंग्राहक रेपॉझिटरी (फायली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास ठेवणारा गिटचा साठा) असते. तीत बॅकअपच्या स्क्रिप्ट, टिपणे, एखादा अर्धवट प्रयोग आणि त्यांच्याच शेजारी ‘सेटिंग्ज’ नावाच्या फोल्डरात बॅश (टर्मिनलचे शेल), विम (मजकूर संपादक), गिट (बदलांची नोंद ठेवणारे साधन) आणि एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणारे साधन) यांच्या कॉन्फिगरेशन फायली नांदत असतात. दुसऱ्या यंत्रावर फक्त विमची मांडणी हवी झाली, तरी सगळा संसार उचलून न्यावा लागतो आणि खासगी टिपणेही सोबत जातात. या फायली वेगळ्या काढताना त्या नव्या फोल्डरात नुसत्या कॉपी करू नयेत, कारण तीन वर्षांपूर्वी अमुक ओळ का घातली होती हे सांगणाऱ्या कमिट (बदलांच्या नोंदी) मग जुन्या घरीच राहतात. (खालील कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टाकाव्यात.)

पहिली पायरी: ताजी प्रत आणि चाळणी

जुन्या रेपॉझिटरीत थेट काम न करता ‘गिट क्लोन’ने तिची ताजी प्रत घ्यावी. मूळ रेपॉझिटरी त्याच यंत्रावर असेल, तर ‘--नो-लोकल’ हा पर्याय जोडावा. त्यानंतर या प्रतीत ‘गिट फिल्टर-रेपो --सबडिरेक्टरी-फिल्टर सेटिंग्ज’ ही कमांड चालवावी. हे साधन गिटसोबत येत नाही, वेगळे बसवावे लागते. तरीही जुन्या ‘फिल्टर-ब्रँच’च्या वाटेला जाऊ नये, कारण गिटचे अधिकृत दस्तऐवजच ते टाळायला सांगतात. कमांड संपल्यावर ‘सेटिंग्ज’मधला मजकूर थेट मुळाशी आलेला दिसतो आणि केवळ त्याच्याशी संबंधित कमिट, मूळ तारखांसह, शिल्लक राहतात. कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात आणि ‘ओरिजिन’ हा रिमोट, म्हणजे मूळ रेपॉझिटरीचा नोंदवलेला पत्ता, काढून टाकला जातो. ही सोय मोलाची आहे, कारण सवयीने केलेला पुश (कमिट रिमोटवर पाठवणे) चुकून जुन्या रेपॉझिटरीवर जाऊन आदळत नाही.

दुसरी पायरी: गुपिते शोधणे

पुश करण्यापूर्वी इतिहास धुंडाळावा. ‘गिट लॉग -पी -एस’ यापुढे ‘पासवर्ड’, ‘टोकन’ असे शब्द एकेक करून दिले, की तो शब्द ज्या कमिटमध्ये आला किंवा गेला त्या समोर येतात. ‘.नेटआरसी’ (लॉगइनचे तपशील ठेवणारी फाईल) किंवा एसएसएचची खासगी किल्ली कधी काळी आत गेली असेल, तर आज ती फाईल डिलीट करून भागत नाही; ‘गिट फिल्टर-रेपो --इन्व्हर्ट-पाथ्स --पाथ’ यापुढे तिचे नाव देऊन ती पूर्ण इतिहासातून काढावी. ती आधीच कुठल्या सर्व्हरवर पोहोचली असेल, तर पासवर्ड किंवा किल्ली बदलणे हाच उपाय आहे. कार्यालयाचा ईमेल पत्ता यांसारखा यंत्रागणिक बदलणारा तपशील ‘.गिटकॉन्फिग.लोकल’ अशा वेगळ्या फायलीत ठेवावा, मुख्य ‘.गिटकॉन्फिग’मधून ती ‘इन्क्लूड’ करावी आणि रेपॉझिटरीत मात्र घेऊ नये.

तिसरी पायरी: फायली जागेवर जोडणे

येथे ग्नू स्टो हे फायलींच्या लिंक करून देणारे साधन उपयोगी पडते. होम फोल्डरात ‘डॉटफाइल्स’ या नावाने रेपॉझिटरी ठेवून तीत ‘बॅश’, ‘विम’, ‘गिट’ असे फोल्डर करावेत आणि ‘गिट एमव्ही’ने फायली त्यांत हलवाव्यात. मग ‘डॉटफाइल्स’मध्ये उभे राहून ‘स्टो बॅश’ म्हटले, की वरच्या फोल्डरात, म्हणजे होममध्ये, ‘.बॅशआरसी’ची सिमलिंक (मूळ फायलीकडे बोट दाखवणारी लिंक) तयार होते. त्या नावाची खरी फाईल तिथे आधीच असेल, तर स्टो तक्रार करून थांबते. ती फाईल आधी बाजूला ठेवावी. खरोखर जोडण्यापूर्वी ‘-एन -व्ही’ लावून काय काय घडेल ते पाहून घ्यावे.

एक खोच मात्र मला महागात पडली. नव्या लॅपटॉपवर ‘.कॉन्फिग’ हा फोल्डर अजून तयारच झाला नव्हता, त्यामुळे स्टोने आतल्या फायलींऐवजी अख्ख्या ‘.कॉन्फिग’चीच एक लिंक केली. त्यानंतर बसवलेला प्रत्येक प्रोग्राम आपल्या फायली माझ्या रेपॉझिटरीतच लिहू लागला, आणि आठवड्याने ‘गिट स्टेटस’ पाहिले तेव्हा एका चॅट अ‍ॅपच्या लॉगइनचा टोकन कमिट होण्याच्या रांगेत उभा होता. तेव्हापासून मी ‘--नो-फोल्डिंग’ हा पर्याय न चुकता देतो. त्याने फोल्डर खरे तयार होतात आणि लिंक फक्त फायलींच्या होतात.

चौथी पायरी: जुने घर रिकामे करणे

नवी, रिकामी, खासगी रेपॉझिटरी तयार करून ती रिमोट म्हणून जोडावी आणि पुश करावे. जुन्या रेपॉझिटरीतून ‘सेटिंग्ज’ फोल्डर ‘गिट आरएम -आर’ने काढून साधी कमिट करावी, गुपित सापडले नसेल, तर तिथला इतिहास बदलण्याचे कारण नाही. मात्र हे करण्याआधी त्याच यंत्रावर एक नवा युजर तयार करून, त्यात क्लोन आणि स्टो करून, सगळे चालते का ते तपासावे. गिट फाईलच्या परवानग्यांपैकी फक्त ती चालवता येते की नाही एवढेच लक्षात ठेवते, म्हणून एसएसएचची कॉन्फिग फाईल जोडल्यावर तिला ‘सीएचमॉड ६००’ हाताने द्यावे. इतरांना लिहिता येईल अशी ती राहिली, तर एसएसएच परवानग्या चुकीच्या असल्याचे सांगून जोडणीच नाकारते.