महालक्ष्मीच्या मखरासाठी घरगुती रंगीत रोषणाई

भाद्रपदात महालक्ष्मी बसतात तेव्हा मखराभोवती फिरत्या रंगांची रोषणाई करायची असेल, तर डब्ल्यूएस२८१२बी प्रकारची ६० एलईडी दिव्यांची एक मीटर पट्टी आणि अर्डुइनो नॅनो (प्रोग्रामप्रमाणे दिवे चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पुरेसे आहेत. या पट्टीतील प्रत्येक दिव्यात स्वतंत्र चिप असते; ती आपल्या वाट्याचा रंग ठेवून उरलेली माहिती पुढच्या दिव्याकडे पाठवते, त्यामुळे एकाच डेटा तारेवर सर्व दिवे वेगवेगळ्या रंगांत चालतात.

प्रोग्रामपेक्षा वीजपुरवठ्याचा विचार आधी करावा. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६० दिव्यांना ३.६ अँपिअर लागतात. एवढा प्रवाह नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून कधीही घेऊ नये. ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरातील विजेचे कमी व्होल्टच्या डीसीत रूपांतर करणारा वीजपुरवठा) घ्यावा, आणि शेतातले मोटारपंप सुरू झाले की आपल्याकडे व्होल्टेज खाली येते हे लक्षात ठेवून तो १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असल्याची खात्री करावी.

एसएमपीएसच्या तारा थेट पट्टीला जोडाव्यात आणि त्याच जागी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धन-ऋण टोके नीट पाहून लावावा. नॅनोची डेटा पिन सुमारे ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पट्टीच्या ‘डीआयएन’ (माहिती आत घेणाऱ्या) टोकाला जोडावी. पट्टीवरील बाण माहिती जाण्याची दिशा दाखवतो. नॅनो आणि एसएमपीएस यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडलेच पाहिजेत, अन्यथा दिवे वेडेवाकडे लुकलुकतात.

फास्टएलईडी या लायब्ररीतील (अर्डुइनोसाठीच्या तयार प्रोग्राम-संचातील) उदाहरणांत दिव्यांची संख्या, पिन आणि ‘जीआरबी’ (हिरवा, लाल, निळा) हा रंगक्रम भरावा. स्वस्त नॅनो संगणकाला जोडण्यासाठी संगणकावर बहुधा त्यातील सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर लागतो. याच लायब्ररीत कमाल प्रवाहाची मर्यादा घालता येते. ती १५०० मिलिअँपिअर ठेवली, तर भारनियमनाच्या वेळी २ अँपिअर देणाऱ्या पॉवर बँकवरही रोषणाई चालते, आणि मखराजवळ मंद प्रकाशच अधिक शोभतो.

महालक्ष्मींच्या साड्या, हार आणि समई यांपासून एसएमपीएस दूर, हवा खेळेल अशा झाकलेल्या जागी ठेवावा. २३० व्होल्टची जोडणी गावातील जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. पट्टी मधूनच पुढे विझली, तर शेवटचा पेटलेला दिवा आणि त्याच्या पुढचा दिवा तपासावा. खराब दिवा कापण्याच्या खुणांवर कापून नवा तुकडा बाणाची दिशा जुळवून डाख देऊन (सोल्डर करून) जोडावा.